शास्त्रीय लावलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ठाण्यात राहता, रोज लोकलने जाता-येता. कॉलेजपासून हिंदी सिनेमाची गाणी आणि अजय-अतुल ऐकत आलात. आता त्याच त्या गाण्यांनी मन भरलंय आणि ॲप तर त्याच वळणाचं आणखी पुढे करतं. म्हणून एकदा तासाभराचा ख्याल लावून पाहिलात, दहा मिनिटांत बंद केलात. दुसरा लावलात, तेच झालं. घरात विचारायला कोणी नाही. आता आपला कानच तसला नाही असं वाटायला लागलंय. म्हणून तुम्ही वीस-पंचवीस नावांची यादी मागितली आहे, आधी थाट-राग शिकून घ्यावेत का असं विचारलं आहे, आणि शेवटी क्लास लावण्याबद्दलही.

मी तबला शिकवतो, साथीला बसतो आणि बऱ्याच वर्षांपासून नव्या श्रोत्यांसाठी श्रवणवर्ग घेतो. वर्गाला येणारे बहुतेक जण याच जागी अडकलेले असतात. यादी मात्र मी देत नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही. त्याचं कारण आधी सांगतो, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे.

आज तुम्हाला जी गाणी जीव की प्राण वाटतात, त्यातली किती पहिल्याच ऐकण्यात आवडली होती ते आठवून बघा. रिक्षात वाजलं, शेजारच्या हळदीत वाजलं, गणपतीच्या मांडवात दहा दिवस वाजलं, रील्समध्ये तुकडा कानावर पडला. तुम्ही न मागता ते गाणं पन्नास वेळा तुमच्यापर्यंत आलं. तोवर मुखडा पाठ झाला, मधलं संगीत कधी संपतं आणि अंतरा कधी उचलतात तेही अंगवळणी पडलं. मग पुढची जागा येणार हे माहीत असण्यातलं आणि ती आल्यावरचं सुख मिळायला लागलं. लोकप्रिय संगीत आपणहून पुन्हा पुन्हा आपल्याकडे येतं. बाकीच्या संगीताला ती सोय नाही, त्याची पुनरावृत्ती आपल्यालाच घडवून आणावी लागते. तुम्ही दोन ख्याल ऐकलेत, प्रत्येकी एकदा आणि तेही अर्धवट. इतक्यावर तुमच्या कानाबद्दल काहीच ठरत नाही. मी पंचवीस नावं दिली तर तुम्ही पंचवीस अनोळखी माणसांना एकेकदा भेटून परत याल, आणि हा प्रश्न पुन्हा विचाराल.

त्यामुळे आवड रुंदावायची असेल तर आधी एका जागी थांबावं लागतं. एक गायक, एक राग, एकच ध्वनिमुद्रण, आणि ते दोन-तीन आठवडे. ऐकायला हे उलटं वाटेल, पण वर्गात मी जे टिकलेले पाहिले ते सगळे असेच टिकले.

कुठलं ध्वनिमुद्रण घ्यायचं, हे थोडं तुमच्यावर अवलंबून आहे. गाण्यात तुम्हाला आधी काय ओढतं? शब्द, आवाज की ठेका? शब्दांवर जीव असेल तर थेट ख्यालात न शिरता कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं घ्या. तिथे कबीर हाताला धरून नेतो आणि स्वर मागून येतात. ठेक्यावर पाय हलत असतील तर तबल्याचा सोलो घ्या. अहमदजान थिरकवा किंवा झाकिर हुसेन यांचा त्रितालातला सोलो घेतलात, तर मागे सारंगी किंवा हार्मोनियमवर एकच लहरा, म्हणजे सुरांची एक छोटी ओळ, शेवटपर्यंत फिरत राहतो. तो लहरा गुणगुणता आला की अर्धं काम झालं. आणि आवाजाचं वेड असेल तर पुढे जे सांगतो ते तुमच्यासाठी. तुमच्या लिहिण्यावरून मला तुम्ही या तिसऱ्या गटातल्या वाटता, म्हणून तिथेच सविस्तर सांगतो.

किशोरी आमोणकरांचा भूप राग घ्या. आधी ‘प्रथम सूर साधे’ हा ख्याल आणि मग ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद, त्रितालातली बंदिश. दोन्ही मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतं. भूपात पाचच स्वर आहेत : सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत. यातला एकही स्वर कोमल किंवा तीव्र नाही, त्यामुळे नव्या कानाला काही खटकत नाही. शिवाय हे स्वर तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. सुधीर फडक्यांनी ‘भाभी की चूड़ियाँ’ (१९६१) साठी बांधलेलं ‘ज्योति कलश छलके’ याच पाच स्वरांवर उभं आहे. ते गाणं एकदा ऐका आणि लगेच ‘सहेला रे’ लावा. नाव सांगता आलं नाही तरी घर तेच आहे हे कानाला कळतं.

आता कंटाळ्याकडे येऊ. सिनेमाच्या गाण्यात धरायला खूप काही असतं : कडवी, मधली वाद्यं, दर वीस सेकंदांनी बदलणारा रंग. ख्यालात यातलं काही नसतं, म्हणून ‘काही घडतच नाही’ असं वाटतं. घडत भरपूर असतं, पण ते आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेऱ्याच्या, आत घडतं. आवर्तन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेच कळत नसेल, तर माणूस अथांग पाण्यात हातपाय मारत राहतो. त्यामुळे थाट नको, रागांची वेळ नको, आरोह-अवरोह पाठ करणंही नको. तुम्ही फक्त सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायला शिका. नव्या श्रोत्याला मी पहिले काही दिवस दुसरं काही करूच देत नाही.

त्रितालात सम कशी सापडते ते तबल्याच्या बाजूने सांगतो. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. ठेका असा :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हे मोठ्याने दोन-चारदा म्हणा. ‘धा’ आणि ‘धिं’ यांत डाव्या हाताचा डग्गा वाजतो, म्हणून ते घुमतात. ‘तिं’ आणि ‘ता’ यांत डग्ग्याची घुमक नसते, फक्त उजव्या हाताचा तबला टणटणतो. आता नुसतं ऐका. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत खालचा घुमारा गायब होतो आणि चौदाव्या मात्रेला पुन्हा येतो. तो परत आला की ‘धिं धिं धा’ मोजा आणि पुढच्या ‘धा’वर टाळी द्या. ती सम. काही मोजायला शिकायच्या आधीसुद्धा, डग्गा गेला आणि डग्गा आला एवढ्यावर तुम्ही सम पकडू शकता. द्रुत बंदिशीत साथीदार मधेमधे ठेका भरतात, तेव्हा हे थोडं झाकलं जातं. पण गायिका मुखड्यावर परत येते तेव्हा ठेका पुन्हा स्वच्छ होतो. सुरुवातीला तेवढीच जागा पकडा.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, जिच्यामुळे पुष्कळ लोक विनाकारण हरतात. मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. खालचे स्वर तो छोटा स्पीकर काढू शकत नाही. तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, तोही तिथे मरतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ख्याल उभा असतो त्याच निघून जातात आणि उरतो एकटा आवाज, आधाराशिवाय. साधे वायरचे इअरफोन लावलेत तरी फरक पडेल. आणि लोकलमध्ये विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, ऐकू नका. ठाणे-सीएसएमटी गाडीच्या आवाजात हळुवार आलाप हरवतो, मग आवाज वाढवायचा, कान दुखवायचे आणि वैतागायचं. प्रवासात द्रुत बंदिश चालेल. ख्याल घरी, रात्री दिवे मंद करून ऐका. भूप तसाही रात्रीच्या पहिल्या प्रहरचा राग आहे, पण तुम्ही वेळेचं फार मनावर घेऊ नका. जमेल तेव्हा ऐका.

किशोरीताईच का, असं विचाराल. आवाज हे एक कारण. दुसरं कारण लयीचं आहे. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालात एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. नवा माणूस तेवढ्यात समेची वाट पाहणंच विसरतो. किशोरीताईंच्या जयपूर-अत्रौली घराण्यात विलंबित त्रिताल त्यापेक्षा चालता असतो, म्हणून सम लवकर लवकर भेटते आणि धीर येतो. भीमसेनजींचा किंवा अमीर खाँसाहेबांचा ख्याल पुढे तुम्हाला याच संथपणासाठी आवडेल. अमीर खाँसाहेब तर झुमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या सैल सोडतात की काळ थांबल्यासारखा वाटतो. ते सुख आहेच, फक्त ते पहिल्या महिन्यातलं नाही.

पुढे एकताल ऐकाल तेव्हासाठी एक खूण देऊन ठेवतो. बारा मात्रा आहेत : धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । कत् ता । धागे तिरकिट । धी ना. ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. कितीही विलंबित असलं तरी तो भरीव तुकडा कानाला लागतोच. दुसरा तिरकिट झाला की ‘धी ना’ आणि लगेच सम. पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे गोंधळात टाकेल, पण दुसऱ्यानंतर गायक मुखडा उचलताना ऐकू येतो. तीच खात्रीची खूण.

सम पकडता यायला लागली की तेच ध्वनिमुद्रण बदललेलं वाटतं. मुखडा संपल्यावर गायिका नेमकी कुठे फिरून आली आणि कशी परत आली, हे ऐकू यायला लागतं. मुखडा तोच असतो. प्रत्येक वेळी ती वेगळ्या वाटेने येते, कधी वेळेआधी येऊन थांबते, कधी शेवटच्या क्षणापर्यंत लांबवते आणि नेमकी समेवर येऊन पडते. माझ्या वर्गात हे पहिल्यांदा कळलं की माणसं नकळत ‘आहा’ म्हणतात. तिथून पुढे माझं काम कमी होत जातं.

आणि इथून रुंदी आपोआप येते. भूप ओळखीचा झाला की देशकार ऐका, कुणाचाही चालेल. स्वर तेच पाच. पण भूप गंधारावर (ग) विसावतो आणि खालच्या बाजूला रमतो, देशकार धैवतावर (ध) उभा राहतो आणि वरच्या षड्जाकडे (सा) बघतो. त्याच पाच स्वरांत एकाची रात्र होते, दुसऱ्याची सकाळ. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे पुस्तकात वाचून जितकं कळतं, त्याच्या कितीतरी पट हे दोन राग लागोपाठ ऐकून कळतं. मग शुद्ध कल्याण ऐका, भीमसेन जोशींचा. चढताना भूप, उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताना, हलकेच स्पर्शून जातात. मग दक्षिणेकडे वळा. कर्नाटक संगीतात याच पाच स्वरांचा राग मोहनम्. त्यागराजांची ‘ननु पालिम्प’ ही रचना ऐका. स्वर ओळखीचे, पण त्यांना हलवण्याची रीत निराळी, मागे तबल्याऐवजी मृदंगम्, सोबत व्हायोलिन. एवढं अंतर तुम्ही एका भूपाच्या आधाराने चाललात. पंचवीस नावांच्या यादीने हे झालं नसतं.

लांबीची भीती वाटत असेल तर आणखी एक वाट आहे, आणि मला ती फार प्रिय आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावत. त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांनी तीन मिनिटांत अख्खी मैफल बसवली. त्यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ किंवा भैरवीतली ‘जमुना के तीर’ सिनेमाच्या गाण्यापेक्षाही लहान आहे. खरखर असते, पहिल्या दोन-तीन वेळा तीच ऐकू येते, नंतर कान तिला बाजूला सारतो. मिरजेत राहिलेल्या या माणसाचा तो पातळ, टोकदार, सुरात बुडालेला आवाज एकदा मनात शिरला की निघत नाही. केसरबाई केरकरांचीही एक भैरवी ऐका, ‘जात कहाँ हो’. हीच तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर अंतराळात गेली. पण ऐकायची ती त्या कौतुकासाठी नव्हे, त्या आवाजाच्या वजनासाठी. गोव्यातल्या केरी गावची ही बाई एकेक स्वर असा ठेवते की तो हलवायची कुणाची टाप नाही.

मराठी माणसाला तर घरचाच पूल आहे, तो म्हणजे नाट्यसंगीत. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी बंदिशींवरूनच बेतलेल्या आहेत. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं हाती आली तर पदाच्या माथ्यावर छापलेलं बघा : राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ चीजेचे, म्हणजे बंदिशीचे, शब्द. ‘नाथ हा माझा’ यमनात आहे. ते पद पाठ झालं की कुणाचाही यमन लावा, निम्मा रस्ता ओळखीचा निघेल.

आणि कृपा करून ‘मुख्य प्रवाहाबाहेरचं’ म्हणजे फक्त शास्त्रीय असं समजू नका. बैठकीची लावणी ऐका. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) एकच ओळ घेऊन बसत आणि दर वेळी तिचा अर्थ बदलत. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी थट्टा, शब्द तेच. सिनेमातली लावणी ऐकून वाढलेल्या कानाला ती सुरुवातीला संथ वाटेल. पण मुखडा पुन्हा पुन्हा नव्या वाटेने आणायची ही गोष्ट तुम्ही ख्यालात शिकलेली असाल, तर इथे पाचव्या मिनिटाला तुम्ही तिच्या ताब्यात गेलेल्या असाल. तुमच्या आजोळी भजनी मंडळ असेल तर एका एकादशीला जाऊन पखवाजाजवळ बसा. मोबाइलवर शोधून न सापडणारं संगीत पुष्कळदा आपल्याच गल्लीत चालू असतं.

ॲपबद्दल दोन शब्द. ऑटोप्ले बंद करा. नाहीतर ‘सहेला रे’ संपताच ते ‘मन शांत करणारे राग’ अशा नावाचं बासरी आणि कीबोर्डचं काहीतरी लावतं. त्याने झोप लागेल, पण कान तयार होणार नाही. शोधताना मूड लिहू नका, गायकाचं नाव आणि राग लिहा. हाती आलेलं डाउनलोड करून वेगळ्या यादीत ठेवा, आणि त्या यादीत पहिल्या महिन्यात तीन-चारपेक्षा जास्त गोष्टी येऊ देऊ नका. फ्यूजनमधून शास्त्रीयाकडे जावं असं बरेच जण सुचवतात. माझा अनुभव तसा नाही. फ्यूजन ऐकणारे बहुतेक जण फ्यूजनच ऐकत राहतात, कारण तिथे धरायला पुन्हा तेच ओळखीचं असतं. आवडत असेल तर खुशाल ऐका, फक्त त्याला पायरी समजू नका.

जे ऐकाल ते सगळं आवडायलाच हवं असं मुळीच नाही. दोन-तीन आठवडे रोज ऐकलं, सम सापडते, मुखडा पाठ झाला आणि तरीही मन लागत नाही, तर तो गायक सोडून द्या. आता तुम्ही नाही म्हणताय ते ऐकून म्हणताय. काहींना ध्रुपदाचा लांब आलाप कधीच आपला वाटत नाही, काहींना ठुमरी गोड गोड वाटते. मलाही सगळी घराणी सारखी प्रिय नाहीत. पण दहा मिनिटांत, कानाला काहीच धरता न येता येणारा कंटाळा निराळा. त्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक, आणि हे सगळ्यात लवकर करा : एका मैफलीला जा. ध्वनिमुद्रणात सम ऐकावी लागते, मैफलीत ती दिसते. गायक आणि तबलजी समेच्या आधी एकमेकांकडे बघतात, समेवर पुढच्या रांगेतल्या माना एकदम हलतात. त्या मानांबरोबर तुमचीही हलू द्या. तुमच्या ठाण्यातच महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह होतो. मुंबईत माटुंग्याला दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आहे. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, डिसेंबरात. सवाईचं वातावरण अनुभवण्यासारखं आहे, पण पहिली मैफल लहान असेल तर बरी. शंभर-दीडशे माणसांच्या सभागृहात, तबल्याच्या बाजूला, पुढे बसायला मिळेल अशी. पूर्ण तीन तास बसायची सक्ती करून घेऊ नका. एक राग मनापासून ऐकून मध्यंतरात निघालात तरी चालेल.

शेवटी क्लासचं. ऐकण्यासाठी क्लासची गरज नाही. मात्र तुम्हाला मोजायला आवडत असेल, तर जवळच्या तबल्याच्या शिक्षकांकडे जाऊन फक्त हातावर ताल धरायला शिका : त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा आणि केरवा. तबल्यावर हात ठेवायचीही गरज नाही. तुम्ही श्रोता म्हणून शिकायला आला आहात हे आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे ते परीक्षांचा अभ्यासक्रम पुढे करणार नाहीत. बहुतेक शिक्षकांना असा विद्यार्थी आवडतो, कारण तो ऐकायला आलेला असतो. रूपकाला थोडा जास्त वेळ द्या. सात मात्रा, आणि समेवरच ‘खाली’, म्हणजे डग्ग्याशिवायची मात्रा, येते, त्यामुळे डग्ग्याची जी खूण मी वर दिली ती तिथे उलटी पडते. डग्गा गप्प होतो तीच सम.